टाकीत तळाशी राहणारे झेब्रा लोच मासे दोनच आहेत, सतत लपून बसतात. काय करू?

वाशिष्ठीकाठ
आमची ३ फुटांची टाकी दीड वर्ष चालू आहे. १० हार्लेक्विन रासबोरा, ६ चेरी बार्ब, झाडं भरपूर, पाणी घरच्या विहिरीचं. तळ मोकळा वाटत होता म्हणून गेल्या महिन्यात दोन झेब्रा लोच आणले. दुकानात म्हणाले, "दोन पुरेत, खालचं उरलंसुरलं खातात." दोघेही फिल्टरमागे दडून असतात, दिवा घालवला की मगच बाहेर येतात. अजून घ्यावेत की दुसरी जात आणू? लेकीला कुहली लोच आवडलाय.

जांभाखाण
ताई, दोनच आहेत म्हणून लपतात. हे घोळक्याने राहणारे मासे. दोघांत एक दांडगाई करतो आणि दुसऱ्याला जायला जागा नसते. सहा-सात असले की ती कुरबुर सगळ्यांत वाटली जाते. माझ्याकडे तीन होते तोवर दिवसा शेपटीही दिसत नसे. आणखी चार आणले आणि पंधरा दिवसांत भर दुपारी सगळी टोळी अंगाला अंग लावून काचेवर खालीवर पळायला लागली. तो आनंद वेगळाच! अजून पाच घ्या, सगळे झेब्राच. कुहलीलाही कुहलीचीच सोबत लागते, तेव्हा एक-दोन आणून लेकीचं समाधान करू नका.

भांडताना त्यांचा रंग फिका पडतो, पोटभर खाल्ल्यावर कुशीवर आडवे होतात. कल्ले हलत असतील तर घाबरू नका.

खाडीपलीकडे
तळाला काय घातलंय? टोकदार खडी असेल तर आधी ती काढा. मिशांनी तळ उकरत खाणारा मासा हा, खडीने मिशा झिजतात आणि जखमेत संसर्ग होतो. बारीक, गोल कणांची नदीची वाळू आणा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते पण ती नकोच, शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होतं. शंका असेल तर चमचाभर वाळूवर लिंबू पिळा, फेसाळली तर टाकीत घालू नका.

लपायला करवंट्या उत्तम. उकळून, खोबरं पूर्ण खरवडून, कडा घासून घ्या. देशी बदामाची झाडावरूनच वाळून पडलेली दोन-तीन पानं धुऊन टाका. पाणी चहासारखं होईल, त्यांना चालतं. लपायला जागा जितकी जास्त, तितके हे बाहेर जास्त दिसतात.

माडाखाली
नवीन मासे थेट सोडू नका. तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. लोचना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन लागतो आणि खवले अगदी बारीक असल्यामुळे औषध सोसत नाही. मी बाटलीवरचा पूर्ण डोस दिला आणि एका रात्रीत चार गेले. अजून वाईट वाटतं. आता अर्ध्या डोसापासून सुरू करतो. पकडायला जाळी नको, डोळ्याखालचा काटा तिच्यात अडकतो. प्लास्टिकच्या डब्यात हाकलून घ्या. आणि झाकण पक्कं लावा, उड्या मारतात.

पहिल्या पावसात विहिरीचं पाणी एकदम बदलतं, तेव्हा थोडं थोडंच बदला. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

वाशिष्ठीकाठ
घराखालच्या पऱ्यातही (ओढ्यात) लोचसारखे मासे दिसतात. तेच आणले तर?

जांभाखाण
नको, ताई. पऱ्यातल्या बऱ्याच लोचना थंड, खळाळतं पाणी लागतं, तुमच्या रासबोरांच्या टाकीत ते तगणार नाहीत. तुमचा झेब्राही सह्याद्रीचाच, घाटापलीकडच्या कृष्णेच्या खोऱ्यातला. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. म्हणून दुकानात विचारा, मासे पैदाशीचे की नदीतून धरलेले. सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा. आणि टाकीतला मासा कधीही पऱ्यात सोडू नका.

वाशिष्ठीकाठ
ठरलं, पाच झेब्रा. तळाला खडीच आहे हो, काळी. एकदम काढू का?

खाडीपलीकडे
एकदम नको, उपयोगी जिवाणू तिच्यातही असतात. दर आठवड्याला एक तृतीयांश काढा आणि तेवढ्या काळात फिल्टरच्या स्पंजला हात लावू नका. वाळू घालताना बशीवर ओता, पाणी गढूळ होत नाही. पूर्ण वाळू झाली की मगच नवे पाच मोठ्या टाकीत सोडा, तोवर त्यांचे वेगळे ठेवायचे तीन आठवडेही भरतील.