पावसाळी गटारात सांडपाणी सोडणारा पाइप सापडला, तर लगेच बुजवावा की मुदत द्यावी?

व्हाळाकाठची

गोव्यात बार्देशातल्या आमच्या वाड्याचे पावसाळी गटार रस्त्याच्या कडेने उतरते, व्हाळाला म्हणजे ओढ्याला मिळते आणि व्हाळ खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतून, मानशीकडे, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारांकडे जातो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोंगराचे पाणी वाहून न्यावे आणि शिगम्यापर्यंत कोरडे पडावे, एवढ्यासाठी ते बांधलेले. गेली तीन वर्षे ते मार्चमध्येही वाहते आहे. पाणी करड्या रंगाचे, वर साबणाचा फेस, आणि रात्री साडेदहानंतर उघडउघड संडासाचा वास. लहानपणी मानशीच्या खाली आम्ही तिसऱ्या (शिंपल्या) काढायचो. आता आई पोरांना तिथे पाय बुडवू देत नाही.

तीन अर्ज दिले. पाहणीला माणसे आली ती सकाळी अकराला, तेव्हा गटारात जेमतेम ओल होती. "काही आढळले नाही" असा शेरा पडला. मग आम्ही चौघांनी खालून वर चालत जाऊन गटारावरचा एकेक ढापा (झाकणाची फरशी) बाजूला केला. ज्या ढाप्याखाली पाणी वाहते आणि त्याच्या वरच्याखाली वाहत नाही, त्या दोहोंच्या मधे कुठेतरी पाइप आहे, हे सरळ आहे. खात्रीसाठी प्रत्येक ठिकाणी जाळीच्या पिशवीत साधा, कसलीही प्रक्रिया न केलेला कापूस चार दिवस टांगला आणि नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरला. कपड्यांच्या पावडरीत पांढरेपणासाठी घातलेले द्रव्य कापसाला चिकटते आणि त्या दिव्यात चमकते. पाचव्या ढाप्याखालचा कापूस चमकला, सहाव्याखालचा नाही. मधे भाड्याच्या खोल्यांची एक इमारत आहे.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. पाइपाचे तोंड सिमेंटने बुजवा, याच आठवड्यात. मुदत दिली की पाऊस येतो, पावसात सगळे वाहून जाते, आणि नोव्हेंबरात आम्ही पुन्हा पहिला अर्ज लिहायला बसतो.

सहा खोल्यांचा मालक

ताई, मी त्याच व्हाळाच्या वरच्या अंगाला राहतो आणि मीही खोल्या भाड्याने देतो, म्हणून उत्तर देणे भाग आहे. तोंड बुजवल्यावर ते पाणी जाईल कुठे? भाडेकरूच्या न्हाणीत उलटे चढेल. तिथे हॉटेलांत राबणारी परप्रांतीय पोरे राहतात, मालक राहत नाही. शिक्षा त्यांना का?

आमच्याकडे मलवाहिनी आलेली नाही. जांभ्यात सोकपिट, म्हणजे शोषखड्डा, उन्हाळ्यात चालते, पण जुलैत जमिनीतले पाणी वर आले की तेच सोकपिट तोंडापर्यंत भरते. मग माणूस न्हाणीचे पाणी गटाराला जोडतो. मी जोडले आहे, लपवत नाही. संडासाचे नाही जोडले. नवी टाकी बांधायला जागा, गवंडी आणि पैसा हवा. सहा महिने द्या, एवढेच मागतो.

जुना ओवरसियर

दोघांनाही सांगतो. कापूस चमकला याचा अर्थ तिथे कपडे धुतलेले पाणी येते. संडासाचे येते हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी पाण्यातला अमोनिया मोजावा लागतो आणि विष्ठेतल्या जंतूंची तपासणी प्रयोगशाळेत करावी लागते. नदी-ओढ्यात आंघोळ करायची तर त्या पाण्यात ते १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत असा दंडक आहे.

दुसरे, वाहते पाणी म्हणजे सांडपाणीच असे धरू नका. आमच्या जांभ्याच्या डोंगरांना झरी असतात, काही जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत गळतात. ते पाणी स्वच्छ, गार आणि दिवसरात्र सारख्याच धारेने येते. घरातले पाणी सकाळी आणि रात्री उसळते.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. मानशीची दारे गळकी असतील तर भरतीला व्हाळाचे पाणी गटारात उलटे शिरते आणि खालची घाण वर चढते. भरतीत घेतलेला नमुना भलत्याच घराकडे बोट दाखवतो. ओहोटी पुरती लागल्यावरच माग काढा.

शेवटचा पुरावा रंगाचा. पाण्यात हिरवा रंग देणारी फ्लुओरेसीन नावाची पूड संडासात टाकून भरपूर पाणी ओतायचे आणि खालच्या ढाप्याशी माणूस उभा ठेवायचा. एका वेळी एकच घर, आणि आधीचा रंग वाहून गेल्याशिवाय दुसरे नाही. चेंबरमध्ये डोके घालू नका, उतरण्याचा तर विचारही नको. तिथला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही.

रात्रपाळी

टँकरचे काय? आमच्या बाजूला सेप्टिक टँक उपसणारा टँकर रात्री दिवे बंद करून गटारातच व्हॉल्व्ह उघडायचा. साडेदहाचा वास खोल्यांचाच कशावरून?

व्हाळाकाठची

टँकरचे पाणी एकदम लोंढ्याने येते आणि थांबते. आमच्याकडे वास साडेदहाला सुरू होतो तो बारापर्यंत टिकतो. हॉटेलातली पोरे कामावरून परततात ती हीच वेळ. तरी ओवरसियर बाबांचे भरती-ओहोटीचे म्हणणे मला लागले. आम्ही वेळ पाहिलीच नव्हती. कापूस चार दिवस पाण्यात होता, म्हणजे दोन्ही वेळांचे पाणी त्यावरून गेले. ते काम पुन्हा करू.

पण सहा महिने नाहीत. सहा महिन्यांत आमचा अख्खा पावसाळा जातो.

फोंड्याची वकील

पाइप स्वतः बुजवू नका. उद्या गुन्हा तुमच्यावर दाखल होईल आणि मूळ विषय बाजूला पडेल. जल प्रदूषण कायदा १९७४ चा आहे. त्याचे कलम २४ ओढ्यात, विहिरीत, मलवाहिनीत वा जमिनीवर जाणूनबुजून दूषित पाणी सोडू देत नाही. कलम ३३ अ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळ वीज-पाणी तोडण्याचाही आदेश देऊ शकते. मात्र तुम्ही बाटलीत भरलेला नमुना मंडळाचा कायदेशीर नमुना ठरत नाही. कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्याने नोटीस देऊन, जागेवाल्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करावे लागतात. तुमचा कापूस अधिकाऱ्याला योग्य ढाप्याशी, योग्य वेळी आणण्यासाठी वापरा. अर्जात लिहा: ओहोटीची वेळ, रात्री साडेदहा, पाचवा आणि सहावा ढापा. मग सकाळी अकराची पाहणी पुरेशी आहे असे म्हणणे अवघड जाईल. सोबत आरोग्याधिकाऱ्यांनाही द्या, १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्यांना असे उपद्रव थांबवता येतात.

सहा खोल्यांचा मालक

रंगाची तपासणी माझ्याकडून सुरू करा. माझ्या संडासाचे पाणी गटारात दिसले तर त्या दिवशी मी स्वतः पाइप कापतो. पण न्हाणीचे पाणी आणि संडासाचे पाणी एकाच मापाने मोजू नका. न्हाणीसाठी मला ऑक्टोबरपर्यंत वेळ लागेल.

व्हाळाकाठची

तुम्ही पुढे आलात याची मला किंमत आहे. माझे मत थोडे बदलते. रंगाने संडासाची जोडणी ठरली की आरोग्याधिकाऱ्यांनी टाकी उपसायला लावावी आणि दोन दिवसांत तो पाइप बंद करवून घ्यावा. भाडेकरूंची सोय तेवढ्या दिवसांत मालकाने करावी. न्हाणीच्या पाण्याला मे अखेर. ऑक्टोबर मला मान्य नाही, कारण साबणाचे पाणीही त्याच तिसऱ्यांवर जाते. ग्रामसभेत मी मेच मागणार, तुम्ही ऑक्टोबर मागा.

नवा अर्ज आज लिहिला आहे, वेळा आणि ढाप्यांच्या आकड्यांसह. रविवारी पहाटे ओहोटीला पाचव्या ढाप्याशी आहोत. ओवरसियर बाब, अमोनियाच्या पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानातून आणल्या तर चालतील का?

जुना ओवरसियर

पहिला अंदाज घ्यायला चालतील. त्यांच्यावर तारीख असते, ती बघून घ्या. वरच्या झरीचे पाणीही एका बाटलीत आणा, ताडून बघायला. मी येतो.