‘शिकागो डिफेंडर’चे अंक दक्षिणेत पोहोचत कसे?

प्रश्न: रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ साली शिकागोत कृष्णवर्णीयांसाठी काढलेले हे साप्ताहिक अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांतही वाचले जाई म्हणतात. तेथील गोऱ्यांचा विरोध असताना ते कसे साधले?

प्रतिसाद: पुलमन कंपनीच्या शयनयान रेल्वेडब्यांतील कृष्णवर्णीय पोर्टर अंकांचे गठ्ठे गुपचूप दक्षिणेत नेत. पुढे एकच अंक केशकर्तनालयात, चर्चमध्ये हातोहात फिरे आणि निरक्षरांना मोठ्याने वाचून दाखवला जाई. त्यामुळे खपाच्या आकड्यावरून वाचकसंख्या ठरवणे चुकीचे होईल.

प्रतिसाद: वर्ण्य विषयही पाहावा. झुंडबळींच्या बातम्यांशेजारी उत्तरेतील नोकऱ्यांच्या जाहिराती आणि रेल्वेगाड्यांच्या वेळा छापलेल्या असत. कृष्णवर्णीयांच्या दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या महास्थलांतराला, माझ्या मते, अग्रलेखांइतकेच बळ या रूक्ष वेळापत्रकांनी दिले असावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. एवढ्या पसाऱ्याला भांडवल कोणाचे होते?

प्रतिसाद: सुरुवातीला अवघे २५ सेंट! घरमालकिणीच्या घरात बसून काढलेल्या पहिल्या अंकाच्या ३०० प्रती होत्या. १९५६ मध्ये त्याचे दैनिक झाले, २००८ मध्ये ते पुन्हा साप्ताहिक झाले आणि २०१९ च्या जुलैत छपाई थांबून केवळ ऑनलाइन आवृत्ती उरली.