मदत हवी आहे : चूल एकच, मग वजन माझंच का हटत नाही?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज प्रश्न घेऊन आले.

नाशिकला आमचं एकत्र कुटुंब. सासूबाई, दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि मुलं. स्वयंपाक एकच. मी ४१ वर्षांची, उंची १५५ सेंमी. मोठ्या जाऊबाई उंचीने माझ्याएवढ्याच. दिवाळीनंतर दोघींनी दीक्षित डाएट धरलं : दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज पाऊण तास चालायचं. त्या ५८ वरून ५३ वर आल्या. मी ६८ वरून ६६ वर आले आणि तिथेच रुतले. त्याआधी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाणंही करून झालंय.

थायरॉइडची तपासणी केली, नॉर्मल आहे. पाळी नियमित, कुठलं औषध चालू नाही. माहेरी आत्या, मावश्या सगळ्या अंगाने भरलेल्या. सासूबाई म्हणतात, "हिला पाणीसुद्धा अंगी लागतं." यजमान तर काहीही खातात. उंची १७०, वजन ६४, हातपाय काटक्या. पोट तेवढं पुढे आलंय, पण त्यांना कोणी काही म्हणत नाही!

हे खरंच अनुवंशिक असतं, की माझं काही राहून जातंय? जाणकारांनी सांगावं.

— गोदाकाठ

फुळकवणी : ताई, आधी दोन प्रश्न. जेवणं सोडून दिवसभरात पोटात काय जातं? आणि पाऊण तास चालून झाल्यावर उरलेला दिवस दोघींचा कसा जातो?

गोदाकाठ : मी बँकेत, दिवसभर खुर्चीवर. जाऊबाई डबे देतात, त्यामुळे पहाटेपासून ओट्याशी उभ्या. पोळ्या लाटणं, भाजी आणणं, दोन जिने वरखाली. बाकी काही खात नाही हो मी. चहा होतो चारदा, साखरेचा. तो पण धरायचा का?

फुळकवणी : धरायचा म्हणजे काय! कपाला दोन चमचे म्हटले तर चार कपांत साधारण ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी, दुधाच्या वेगळ्या. शिवाय दीक्षितांच्या पद्धतीचा सगळा भर दोन जेवणांच्या मध्ये इन्सुलिन वाढू न देण्यावर आहे. गोड चहा घेतला की ते दोनदा जेवणं उरतच नाही. घरात तेल किती लागतं तेही बघा. एक लिटर तेल म्हणजे आठ हजारांवर कॅलरी. अर्थात तेल जाऊबाईंच्या पोटातही तेवढंच जातं, म्हणून माझा संशय चहा आणि खुर्चीवर.

अर्धपोटी : अनुवंशिकतेबद्दल लिहितो, कारण "सगळं चहामुळे" म्हणणं मला पटत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लोद बुशार यांच्या गटाने केलेला एक प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्या, सगळे तरुण पुरुष. १०० दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. सरासरी वजन वाढलं ८.१ किलो. पण कोणाचं ४.३, तर कोणाचं १३.३! आणि एका जोडीतले दोघे भाऊ बरेचसे सारखे वाढले. तेव्हा सासूबाई अगदीच चूक नाहीत, फक्त पाण्यात कॅलरी नसतात.

दुसरा प्रयोग १९९९ चा, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला. १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी वरकड दिल्या. चरबी वाढली कोणाची अर्ध्या किलोहूनही कमी, कोणाची चार किलोंच्या वर. फरक मुख्यतः कशात पडला, तर व्यायाम सोडून होणाऱ्या हालचालीत : उठबस, येरझाऱ्या, चुळबुळ. काही जणांची ही हालचाल जास्त खाल्ल्यावर आपोआप वाढली, काहींची वाढली नाही. म्हणजे चुळबुळ्या स्वभावसुद्धा थोडा अंगभूतच. तुमच्या जाऊबाईंना तर धंद्यानेच दिवसभर उभं ठेवलंय.

चाळिशीत चयापचय मंदावतं असंही कोणीतरी इथे सांगेलच. २०२१ मध्ये सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजमापांवरून दिसलं की शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर असतो. तेव्हा वयाला दोष देऊ नका.

निंबोणी : मला ताईंपेक्षा त्यांच्या यजमानांची काळजी वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही चरबी साठते आणि मधुमेह तिथूनच डोकावतो. टेप घेऊन कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. तुमच्या घरात मधुमेह आहे का कोणाला? ताई, तुमचा बीएमआय २७ च्या वर जातो (आपल्याकडे २५ पासून लठ्ठपणा धरतात), तेव्हा साखर तुम्हीही तपासाच. पण घरातल्या टोमण्यांचा मोर्चा चुकीच्या माणसाकडे वळलाय असं मला वाटतं.

गोदाकाठ : सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना मधुमेह होता, हे लिहायचं राहिलं. यजमानांची कंबर मोजली, बेंबीच्या पातळीवर ९६ भरली. ते म्हणतात टेप सैल धरली होती. सासूबाईंनी स्वतः दुसऱ्यांदा मोजली, तरी ९६ च!

चहा दोनवर आणला आहे, बिनसाखरेचा. फार वाईट लागतो. दुपारी काउंटर बंद असताना जिना चढउतार करायचं ठरवलंय. शनिवारी आम्ही दोघंही रक्त तपासून घेणार आहोत. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, दोन्ही करायच्या की नुसतं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) पुरेल? हिमोग्लोबिन माझं नेहमीच कमी असतं, त्याने त्या आकड्यात फरक पडतो का?