मदत हवी आहे: ठाण्याच्या पावसात टिकेल असं कुंडीतल्या मातीचं मिश्रण

नमस्कार मंडळी. कुंड्यांच्या मातीबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. आधी यावर धागा निघाला असेल तर दुवा द्या, मी तिकडे वाचेन.

घर ठाण्यात कोलशेतच्या बाजूला, बाराव्या मजल्यावर. गॅलरी पश्चिमेची, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारनंतर रणरणतं ऊन आणि जूनपासून आडवा पाऊस थेट आत. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, तुळस, मिरची आणि एक अडेनियम (डेझर्ट रोझ) अशी झाडं आहेत. सगळ्यांना माती एकच, एका नर्सरीतून आणलेलं तयार मिश्रण. पोतं फोडलं तेव्हा छान भुसभुशीत, हलकं होतं. पावसाळ्यात मात्र माती कुंडीत चार बोटं खाली बसली. वर शेवाळ धरलं आणि बोट खुपसलं की आत गार, चिकट चिखल, आंबूस वास. तुळस गेली, मोगऱ्याची पानं पिवळी पडली. आता ऑक्टोबरच्या उन्हात बरोबर उलटं झालंय. पाणी घातलं की कुंडीच्या कडेकडेने सरळ ताटलीत उतरतं आणि मधला गोळा कोरडाठाक.

जिथे विचारावं तिथे एकच उत्तर मिळतं: एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग गांडूळखत. माझ्या नणंदेच्या पुण्याच्या गच्चीत याच प्रमाणात गुलाब जोमात आहेत. पण पुण्यात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस, आपल्याकडे २५०० च्या आसपास, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. तेच प्रमाण इथे कसं चालावं?

माती कुठली घ्यावी हेही ठरत नाही. इथे पोत्याने लाल माती मिळते, शिवाय साताऱ्याहून शेतातली काळी माती आणता येईल. परलाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे खडकाचे दाणे) महाग पडतो, त्याऐवजी रेती चालेल का? आणि वजनाचं बघावंच लागेल, कारण बारा इंची कुंडीत नुसती ओली माती भरली तरी २० किलोच्या वर जाते आणि सोसायटीने त्यावरून पत्र काढलंय. सासूबाई म्हणतात तळाशी खडीचा थर द्यावाच. त्याने निचरा खरंच सुधारतो का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद, नेरूळहून:

ताई, तुमच्या मिश्रणात कुजणाऱ्या गोष्टीच जास्त असणार. कोकोपीट हळूहळू आणि खत भराभर कुजून बारीक होतं, म्हणून माती बसते. त्यात गांडूळखताचे कण मुळात बारीक, ते मधल्या पोकळ्या बुजवतात. पाणी आत थांबतं, मुळांना हवा मिळत नाही आणि आंबूस वास येतो. उन्हात तेच कोकोपीट पूर्ण सुकलं की आक्रसतं, कुंडीपासून सुटतं आणि पाणी धरेनासं होतं.

आपल्याकडे न कुजणारा भाग निदान एक तृतीयांश हवा. मी दोन भाग लाल माती, दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग कोकोपीट आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घेते, वर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. तुकडे वाटाण्याएवढे करायचे आणि भुकटी चाळून टाकून द्यायची, नाहीतर तीच खाली जाऊन छिद्र बुजवते. जुनी, चांगली भाजलेली वीट घ्या, कच्ची पाण्यात विरघळते.

काळी माती कुंडीत नकोच. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात. रेतीही वजन वाढवते, आणि खाडीची असेल तर मीठ घेऊन येते. रेती कुठली हे दुकानदाराला नीट सांगता आलं नाही तर घेऊ नका.

प्रतिसाद, खारघरहून:

सासूबाईंच्या खडीबद्दल सांगतो, कारण आमच्याकडेही हीच पद्धत होती. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. माती तुडुंब भिजल्यावरच ते खाली सुटतं. त्यामुळे तळाशी राहणारा ओला पट्टा खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, पाणी ठिबकायचं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. उथळ कुंडी जास्त वेळ ओली राहते ती यामुळेच. छिद्रावर एक खापराचा तुकडा किंवा जाळी पुरे. पावसाळ्यात ताटल्या काढा आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवा.

सगळ्यांना एकच मिश्रण देऊ नका. अडेनियमला निम्म्याहून जास्त विटांचे तुकडे, खत नावाला आणि पावसात आडोसा. मिरचीला खत आणि कोकोपीट दोन्ही जास्त चालतं, तिचा हंगामच थोडा. जास्वंद, कढीपत्त्याला वर सांगितलेलं प्रमाण ठीक. वजन कमी करायचं तर लाल माती एक भागावर आणा आणि तेवढे नारळाच्या सोडणाचे तुकडे घाला, ते कोकोपीटपेक्षा सावकाश कुजतात. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या, त्यात क्षार असतात.

भरण्याआधी एक बघा. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. गोळा व्हावा, पण बोटाने टोचल्याबरोबर फुटावा. नुसता दबून चपटा झाला तर विटांचे तुकडे वाढवा.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. खडीचं कोडं सुटलं, सासूबाईंनाही स्पंज करून दाखवला आणि त्यांना पटलं. रविवारी जास्वंद आणि कढीपत्ता नव्या मिश्रणात हलवते. अजून दोन शंका. मोगऱ्याचा तो कोरडा गोळा आत्ता कसा भिजवू? आणि कर्जतकडच्या गिरणीतून भाताचं तूस मिळू शकेल, ते घालू का?

प्रतिसाद, नेरूळहून:

कुंडीच बादलीत बुडवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. मोगऱ्याची माती आता बदलू नका, फेब्रुवारीत छाटणी कराल तेव्हाच बदला. तूस घाला, हलकं असतं आणि लवकर कुजत नाही. फक्त त्यात राहिलेलं भात उगवतं, म्हणून आधी उकळत्या पाण्यातून काढा.