मदत हवी आहे : कासव ९ दिवसांपासून काहीच खात नाही, काय द्यावं?

सावलीतली_तुळस (इंदिरानगर, नाशिक), सोमवार रात्री १०:५०

आमच्याकडे पाण्यातलं कासव आहे. आज ९ दिवस झाले, तोंडाला काही लावत नाही. आधी वरून टाकलं की झडप घालायचं. आता टाकलेलं तसंच फुगून पाण्यावर तरंगतं आणि सकाळी मी चहाच्या गाळणीनं काढते. दुकानातून वेगळं पाकीट आणलं, त्याकडेही बघितलं नाही. नेमकं काय दिलं की खाईल तेवढं सांगा. उद्या सकाळी भाजी आणायला जाणार आहे, म्हणजे आजच कळलं तर बरं. संक्रांतीच्या आत ते खायला लागायलाच हवं.

पंचवटीकर, रात्री ११:०५

ताई, उकडलेलं अंडं द्या. आमच्या वाड्यात कासव होतं, १२ वर्षं पोळी, भात आणि अंड्यावर जगलं. अंड्याच्या वासानं मेलेलं कासवसुद्धा उठेल. फार विचार करू नका.

जलजीव, रात्री ११:२०

आधी थोडी माहिती द्या. कासव कोणतं? डोळ्यामागे लाल पट्टा आहे का? पाठ किती इंच? आतापर्यंत काय खात होतं? टाकी कुठे आहे, पाणी किती अंश, ऊन किंवा दिवा मिळतो का? पोहताना एका बाजूला तिरकं होतं का, नाकातून फुगे येतात का? यातलं काहीच माहीत नसताना खाणं सुचवणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

सावलीतली_तुळस, रात्री ११:३२

मी एक साधा प्रश्न विचारला आणि दहा प्रश्न परत आले. लाल पट्टा आहे. सुकी कोळंबी खायचं, दुकानात डबा मिळतो ती. चार वर्षं तीच देतोय आणि कधी काही झालं नाही, म्हणजे खाण्यात चूक नाही. टाकी गॅलरीत आहे.

कायद्याची_वही, रात्री ११:४०

लाल पट्टा आहे म्हणजे ते अमेरिकेतलं लाल कानाचं कासव, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. देशी नाही हे बरं झालं. आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव किंवा चांदण्या असलेलं स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतं. ते घरात ठेवणंच गुन्हा आहे. हे वाचणाऱ्या कोणाकडे तसं असेल तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करून सोपवा.

आणि ताई, तुमचं खात नाही म्हणून गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, नेऊन सोडू नका. रामकुंडात अशी कासवं सोडणारे मी पाहिलेत, पुण्य म्हणून सोडतात. हे परदेशी कासव देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

सावलीतली_तुळस, रात्री ११:४८

सोडण्याचा विषयच नाही! ते माझ्या मुलाचं आहे. तो जुलैत पुण्याला शिकायला गेला आणि जाताना मला सांगून गेला, "आई, गोटूकडे बघ." रोज रात्री फोनवर पहिला प्रश्न तोच असतो. मी आठवडाभर "छान आहे" म्हणतेय. संक्रांतीला तो घरी येतोय.

निफाडचा_द्राक्षवाला, मंगळवार पहाटे ५:१५

राम राम ताई. मला कासवातलं कळत नाही, पण टाकी गॅलरीत आहे हे वाचून राहवलं नाही. आमच्याकडे या आठवड्यात बागेत रात्री शेकोट्या पेटवतोय आणि पहाटे ठिबक सोडतोय, नाहीतर मणी तडकतात. आत्ताही तेच करून आलो. विहिरीचं पाणी उबदार लागतं, पण बाहेर ठेवलेल्या टाकीत हात घातला की बोटं आखडतात. नाशकात थोडं कमी असेल, पण गॅलरीत तसंच पाणी असणार. माणूस गोधडीत शिरतो. कासवानं काय करायचं?

जलजीव, सकाळी ७:३०

द्राक्षवाले दादांनी मुद्द्याला हात घातला. कासवाचं अंग स्वतःहून तापत नाही, पाणी जेवढं तेवढं अंग. या जातीला पाणी २४ ते २८ अंश लागतं आणि वर येऊन अंग शेकायला ३२-३५ अंशांची कोरडी जागा. पाणी २० च्या खाली गेलं की भूक मंदावते, आणखी गार झालं की पचनच थांबतं. अशा वेळी गोडीगुलाबीनं किंवा तोंड उघडून खाऊ घातलं तर ते पोटात न पचता कुजतं. म्हणून पंचवटीकर काकांचं अंडं आज तरी नको.

मोठं कासव काही दिवस उपाशी राहिलं तर लगेच दगावत नाही, घाबरू नका. आज थर्मामीटर आणा आणि पाण्याचा आकडा इथे सांगा.

पंचवटीकर, सकाळी ८:१०

आमच्या वेळी कोणी थर्मामीटर लावत नव्हतं. कासव जगलंच ना.

जलजीव, सकाळी ८:२५

काका, जगलं हे खरं. पण त्याची पाठ गुळगुळीत होती की प्रत्येक खवला पिरॅमिडसारखा वर आलेला होता? दाबली तर टणक लागायची का? ही कासवं नीट सांभाळली तर ३० वर्षं जगतात. १२ व्या वर्षी गेलं असेल तर ते म्हातारपणानं गेलं नाही. तुम्हाला दोष देत नाही, तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. पण पोळी-भातात त्याला लागणारं कॅल्शियम नाही.

गोदाकाठ, सकाळी ९:००

विकतचं खाणं द्यायचंच कशाला? पानवेली (जलपर्णी) द्या. मोठी झालेली ही कासवं निम्म्याहून जास्त पालाच खातात. गंगेत पानवेलींचा गालिचा पसरलाय, एक पाटी भरून आणली की आठवडा निघतो.

जलजीव, सकाळी ९:१५

पानवेल खातात, बरोबर. पण गोदावरीतली अजिबात नको. पानवेल पाण्यातले जड धातू मुळांत आणि पानांत ओढून घेते, म्हणूनच तिचा सांडपाणी शुद्ध करायला वापर होतो. नाल्याच्या तोंडाशी वाढलेली ती पानं कासवाला देऊ नका. घरी टबमध्ये वाढवलेली असेल तर खुशाल.

गोदाकाठ, सकाळी ९:२२

हे मान्य. मी गंगापूर धरणाच्या बाजूची म्हणत होतो, पण आता घरीच टबमध्ये लावतो.

वास्तुमित्र, सकाळी ११:३०

कासव घरात उत्तर दिशेला ठेवावं. देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं ते स्थैर्याचं प्रतीक म्हणून. गॅलरी दक्षिणेला असेल तर जागा बदलून बघा.

सातपूरचा_फिटर, दुपारी १:०५

उत्तर-दक्षिण राहू द्या, टाकी घरात आणा. ताई, टाकीत पाणी किती लिटर? लिटरला साधारण १ वॅट धरून थर्मोस्टॅटचा हीटर घ्या. काचेच्या नळीवर प्लॅस्टिकची जाळी हवीच, कासव धडक मारून नळी फोडतं आणि पाण्यात करंट उतरतो. हीटर पाण्यात पूर्ण बुडवल्यावरच बटण चालू करायचं. पाणी बदलताना आधी बटण बंद, मग हात आत. आणि वायर बोर्डाकडे सरळ नेऊ नका, मध्ये खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाशीच टपकेल.

सावलीतली_तुळस, दुपारी ४:४०

थर्मामीटर आणला. पाणी १६ अंश. टाकी ६० लिटरची आहे. आजच घरात आणते.

दुपारी उन्हात धरून नीट पाहिलं. तो हल्ली डोळे मिटूनच असतो. मला वाटलं थंडीनं झोपतो. पण पापण्या फुगल्यात, दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी सूज आहे आणि मधली फट चिकटलेली आहे. बोट जवळ नेलं तरी मान मागे घेत नाही. पूर्वी सावली पडली तरी घ्यायचा. हे कधीपासून आहे ते मला सांगता येत नाही, याचंच वाईट वाटतंय.

जलजीव, दुपारी ४:५२

ताई, आता खाण्याची चर्चा बाजूला ठेवा. उद्या सकाळी डॉक्टरांकडे न्या. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कासव बघत नाहीत, आधी फोन करून विचारा. सुजलेले डोळे बहुतेकदा व्हिटॅमिन ए कमी पडल्यामुळे असतात. चार वर्षं फक्त सुकी कोळंबी दिलीत, त्यात ते फारसं नसतं. अस्वच्छ पाण्यानं जंतुसंसर्गही होतो, ते डॉक्टरच तपासून सांगतील. आणि ही जात खाणं बघून पकडते. दिसतच नसेल तर खाणार काय?

आयुर्वेद_घरोघरी, दुपारी ५:३०

मेडिकलमधून कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या आणा, रोज एक फोडून तोंडात सोडा. व्हिटॅमिन ए भरपूर असतं, चार दिवसांत डोळे उघडतील. डॉक्टरकडे फुकट पैसे जातील.

जलजीव, दुपारी ५:४०

कृपा करून असं करू नका. माणसासाठीची एक गोळी त्या जिवाला केवढी होते बघा! व्हिटॅमिन ए शरीरात साठतं आणि जास्त झालं की कासवाची कातडी सालीसारखी सुटते. मात्रा वजन करूनच ठरवायची असते.

आयुर्वेद_घरोघरी, दुपारी ५:५५

मी माशांना देतो, काही होत नाही.

सातपूरचा_फिटर, संध्याकाळी ६:१०

ताई, डॉक्टरकडे नेताना पाण्याच्या डब्यात नेऊ नका, हिंदकळतं. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओला टॉवेल घाला आणि डब्याभोवती शाल. आणि हाताळल्यावर हात साबणानं धुवा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे आजार पसरवणारे जंतू असू शकतात. अमेरिकेत याच कारणानं १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे, लहान मुलं ती तोंडात घालायची.

सावलीतली_तुळस, बुधवार रात्री ९:२०

डॉक्टरांकडे जाऊन आले. वजन केलं, तोंड उघडून आत बघितलं, पाठ बोटांनी दाबून पाहिली. पाठ किंचित मऊ आहे म्हणाले. व्हिटॅमिन ए वजनावरून मोजून त्यांनीच दिलं, डोळ्यांत टाकायचे थेंब दिले, १५ दिवसांनी परत बोलावलंय. पाणी एकदम तापवू नका, दिवसाला दोन-तीन अंश वाढवा म्हणाले. सातपूरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे हीटर लावलाय, आज २० आहे.

मुलाला फोन करून सगळं खरं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आई, थेंब टाकताना मानेला नाही, पाठीला धर."

आता तरी सांगा, बाजारातून काय आणू? पालक आणणार होते.

जलजीव, रात्री ९:४५

पाणी २५ ला गेलं आणि डोळे उघडले की सुरुवात करा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि तुमच्या गोटूची पाठ आधीच मऊ आहे. लाल भोपळा आणा, म्हणजे आपलं डांगर, कच्चं किसून. गाजराचा कीस, जास्वंदाची कोवळी पानं, रताळ्याचा पाला, शेवग्याचा थोडा पाला. कोबी क्वचित. द्राक्ष किंवा पपईचा तुकडा पंधरवड्यातून एखादा, तोही औषध फवारणीमुळे खळखळून धुऊन.

मुख्य खाणं म्हणून कासवाचे चांगले दाणे, एका वेळी त्याच्या डोक्याच्या आकाराएवढेच. पिल्लांना रोज, पण मोठ्याला एक दिवसाआड पुरतात, मधल्या दिवशी पाला. मांस म्हणून आठवड्यातून एकदोनदा गांडूळ किंवा मीठ न घातलेल्या उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा. कोळंबी बंद करायची गरज नाही, पण ती चिवड्यासारखी, जेवण नव्हे.

सगळं पाण्यातच द्या. तोंडात आपल्यासारखी लाळ नसते, कोरड्यावर त्याला गिळता येत नाही. खायला घालायला वेगळा टब ठेवलात तर टाकीचं पाणीही घाण होत नाही.

पंचवटीकर, रात्री १०:०५

कॅल्शियमसाठी समुद्रफेस टाका. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, म्हाकूळ माशाच्या आतलं पांढरं हाड असतं ते. आमची आई पोपटाला लावायची.

जलजीव, रात्री १०:१२

काका, हे अगदी योग्य सांगितलंत. वरचा कडक पापुद्रा काढून तुकडा पाण्यात सोडायचा, कासव तो कुरतडत राहतं. पण कॅल्शियम अंगी लागायला ऊनही हवं. रोज सकाळी २०-२५ मिनिटं, अर्धी सावली असलेल्या टबात. काचेआडून नाही, कामाचे किरण काच अडवते. आणि काचेची टाकीच उन्हात ठेवली तर पाणी तापून कासव मरतं.

सावलीतली_तुळस, रविवार सकाळी १०:३०

आज पाणी २५. डावा डोळा अर्धा उघडला, उजवा बारीक फटीएवढा. शेजारच्या बागेतून गांडूळ आणलं, चिमट्यात धरून नाकासमोर हलवलं. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग मान लांब केली, पहिल्यांदा चुकला, पाणीच चावलं, दुसऱ्यांदा पकडलं. पुढच्या दोन पायांनी ओढून तोडलं आणि गिळलं. मी हात ओले असतानाच पुण्याला फोन लावला.

डांगर मात्र तोंडात घेऊन बाहेर टाकलं.

जलजीव, सकाळी १०:४१

वा! पहिल्या दिवशी टाकतातच. किसात गांडुळाचा तुकडा मिसळून द्या, वास लागला की डांगरही जातं. दोन-तीन आठवडे चिकाटी ठेवा.

सावलीतली_तुळस, सकाळी १०:४४

ठीक आहे. अजून एक, आमच्याकडे शनिवारी लाइट जाते, कधी चार-चार तास. तेव्हा हीटरचं काय?

सातपूरचा_फिटर, सकाळी १०:५८

६० लिटर पाणी चार तासांत एकदम गार होत नाही. टाकीला तीन बाजूंनी थर्माकोल लावा, लाइट गेली की वरून गोधडी, हवेला एक कोपरा उघडा. गरम पाणी ओतू नका. गोधडी घालताना हीटरचं बटण बंद करा आणि गोधडी काढल्यावरच चालू करा.