२००० मिग्रॅ/किलोचा डोस सुईत अडकतोय, आणि एक रॅट दगावली

प्रश्न: पानांचा इथेनॉल अर्क, ओईसीडी ४२३ (तोंडावाटे दिलेल्या पदार्थाची तीव्र विषारकता तपासायची पद्धत). डोस तोंडातून थेट पोटात उतरवायच्या सुईनं. मादी रॅट, वजन २०० ग्रॅम. ०.५% सीएमसीमध्ये (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, अर्क मिसळायचा दाटसर द्राव) अर्क डांबरासारखा चिकटतो. तिघींपैकी एक दहा मिनिटांत गेली. अर्क विषारी धरायचा का?

उत्तर १: इतक्यात नको. आधी शवविच्छेदन करा. श्वासनलिकेत हिरवट अर्क आणि फुफ्फुसं भरलेली दिसली, तर सुई चुकलीय, अर्क नाही. तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंतचं अंतर मोजून सुईवर खूण करा. अडथळा लागला की ढकलू नका, बाहेर काढा.

उत्तर २: हिशोब बघा. २०० ग्रॅमच्या रॅटला २००० मिग्रॅ/किलो म्हणजे ४०० मिग्रॅ, तेही २ मिलीत, म्हणजे मिलीला २०० मिग्रॅ. अडकणारच! इथेनॉल पूर्ण उडवा (उरलेल्या इथेनॉलनंही जनावर सुस्तावतं), अर्क खलात थेंबथेंब सीएमसी घालत घोटा. तरीही जमेना तर डोस २४ तासांच्या आत विभागून द्या. रात्रभर उपाशी ठेवलंत ना? डोसनंतरही ३-४ तास खाणं नको.

उत्तर १: आणि आधीची काहीच माहिती नसताना सुरुवात ३०० मिग्रॅ/किलोपासून करायची असते. थेट २००० कशाला? उरलेल्या दोघींचं १४ दिवस निरीक्षण आणि वजन चालू ठेवा.