शब्दचर्चा : पलटण, कवायत आणि सरावानंतरची ‘झाडाझडती’

प्रश्न (दादर) : एनसीसीच्या मुलामुलींसाठी छोट्या तुकडीच्या प्रशिक्षणावर मराठीत टिपण लिहितेय. प्लाटूनला ‘पलटण’, सेक्शनच्या सरावाला ‘कवायत’ आणि सरावानंतर सगळे बसून बोलतात त्याला ‘झाडाझडती’ असं लिहिलंय. चालेल?

उत्तर (कुर्ला, निवृत्त हवालदार) : ताई, तिन्ही बदला. ‘पलटण’ ऐकायला प्लाटूनसारखाच वाटतो, पण फौजेत पलटण म्हणजे अख्खी बटालियन. मराठा लाइट इन्फंट्रीची ‘जंगी पलटण’ १७६८ सालची, मूळची मुंबईच्या शिपायांची. प्लाटून म्हणजे तीन सेक्शन, तीसेक जवान. सेक्शन दहाएक जणांचं, कमांडर बहुधा हवालदार किंवा नाईक. सेक्शन, प्लाटून हेच शब्द ठेवा, मुलांच्या तोंडात तेच आहेत. ‘तुकडी’ कितीही माणसांची असू शकते.

कवायत म्हणजे सावधान, विश्राम, दाहिने मुड. २६ जानेवारीला शिवाजी पार्कवर दिसते ती. तिथे सगळ्यांचं पाऊल एकदम पडायला हवं. सेक्शनच्या सरावात उलट असतं : अर्धे पुढे सरकतात, अर्धे जागेवरून फायरचं कव्हर देतात, म्हणजे गोळीबार करून शत्रूला दाबून ठेवतात. कुणी कधी उठायचं ते समोरची जमीन बघून ठरतं. त्याला ‘सराव’च म्हणा.

उत्तर (ठाणे) : ‘झाडाझडती’ मला जास्त खटकते. झाडाझडती म्हटली की चूक कुणाची हे शोधणं आलं. एक कॅडेट कव्हर मिळण्याआधीच उठून धावला. झडतीत तो मान खाली घालून ‘सॉरी सर’ म्हणेल आणि विषय संपेल. ‘तुला काय दिसलं?’ विचारलं तर कळेल की झुडपामुळे त्याला हाताचा इशारा दिसलाच नव्हता. म्हणजे सुधारायची ती इशारा देणाऱ्याची जागा. रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, लावून ती कशी सुधारणार? अमेरिकी सैन्यात १९७०च्या दशकात सरावानंतर असं बसून बोलायची पद्धत रुजली तेव्हाही प्रश्न असेच साधे होते : काय ठरलं होतं, काय घडलं, का घडलं, पुढच्या वेळी काय करायचं. मी ‘सरावचर्चा’ म्हणेन. ‘आढावा’ही चालेल, पण आढावा साहेब घेतात, बाकीचे ऐकतात.

दादर : ‘सरावचर्चा’ घेते. पण पहिलं कुणी बोलायचं?

कुर्ला : सगळ्यात ज्युनियरनं. सेक्शन कमांडर आधी बोलला की बाकीचे नऊ जण नुसती मान डोलावतात. आणि सराव संपल्या संपल्या, त्याच जमिनीवर बसून बोला. वर्गात परतल्यावर ते झुडूप कुणाला आठवत नाही.